उपनगरवाल्यांचं ब्रेबॉर्न

११ फेब्रुवारी १९७३, रविवार. चर्चगेटच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर भारत आणि इंग्लंड यांच्यातली पाचवी कसोटी अनिर्णित सुटली. भारताने मालिका २-१ अशी जिंकली. अजित वाडेकरच्या संघाचा हा ओळीने तिसरा मालिकाविजय होता. वेस्ट इंडिजला आणि इंग्लंडला त्यांच्या घरी जाऊन हरवून आलेला हा संघ मुंबईकरांनी आता आपल्या अंगणात डोळे भरून पाहिला होता. मैदानातून बाहेर पडून चर्चगेटची गाडी पकडणाऱ्या त्या गर्दीला मालिका जिंकल्याचा आनंद होता. याच मैदानावर पुढची कसोटी बघायला ३६ वर्षं थांबावं लागेल, असं त्यातल्या कोणाच्याही मनात आलं असणं शक्य नाही.

मैदानाला निरोप द्यायचा तर आधी कळावं तरी लागतं. ब्रेबॉर्नच्या बाबतीत ते कळलं नाही, आणि म्हणूनच माझ्या आधीच्या पिढीच्या मनात ते मैदान कायमचं घर करून बसलं, असं मला वाटतं. आमच्या पार्ल्यात, पलीकडे अंधेरी-बोरिवलीला, मध्य रेल्वेवर घाटकोपर-मुलुंडला, साठीच्या दशकात तरुण असलेली माणसं कसोटीचा विषय निघाला की आजही आधी ब्रेबॉर्नच म्हणतात. वानखेडेवर त्यांनी कितीतरी जास्त क्रिकेट पाहिलं. विश्वचषकही तिथेच पाहिला. तरी आवाज हळवा होतो तो ब्रेबॉर्नच्या नावाने.

त्या मैदानाची गोष्ट जागेपासून सुरू होते आणि जागेपाशीच संपते. आधी समुद्र हटवून मिळवलेली जमीन, मग त्या जमिनीवरच्या खुर्च्या.

डिसेंबर १९३३ मध्ये भारतातली पहिली कसोटी मुंबईत झाली, ती बॉम्बे जिमखान्यावर. सी. के. नायडू कर्णधार, लाला अमरनाथचं ११८ धावांचं शतक. पण जिमखाना गोऱ्यांचा. प्रेक्षकांसाठी तात्पुरते मांडव घालायचे आणि सामना संपला की काढायचे. एवढ्या मोठ्या देशात क्रिकेटसाठी म्हणून बांधलेलं कायमस्वरूपी स्टेडियम नव्हतं. त्याच वर्षी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची, म्हणजे सगळे ज्याला सीसीआय म्हणतात त्या क्लबची स्थापना झाली. त्यामागचा धडपड्या माणूस अँथनी डिमेलो. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न. बॅकबेमध्ये भर घालून नवी जमीन तयार झाली होती आणि सरकारला ती विकायची होती. सांगतात की डिमेलोंनी गव्हर्नरसाहेबांना सरळ विचारलं, सरकारी तिजोरीत पैसे हवेत की स्वतःचं नाव अमर व्हायला हवं? साहेबांनी दुसरा पर्याय निवडला. क्लबला सुमारे ९० हजार चौरस यार्ड जमीन मिळाली आणि स्टेडियमला नाव मिळालं. २२ मे १९३६ ला पायाभरणी झाली. आराखडा ग्रेगसन, बॅटली अँड किंग या कंपनीचा, बांधकाम शापूरजी पालनजींचं. ७ डिसेंबर १९३७ ला लॉर्ड टेनिसनच्या इंग्लिश संघाविरुद्धच्या सामन्याने मैदान खुलं झालं. पायाभरणीपासून खेळापर्यंत जेमतेम दीड वर्ष.

मैदान देखणं होतं, आजही आहे. पॅव्हेलियनमध्येच राहण्याच्या खोल्या. त्यामुळे खेळाडू सकाळी उठून, न्याहारी करून, जिना उतरून थेट मैदानात येऊ शकत. पलीकडे मरीन ड्राइव्ह आणि समुद्र. सकाळच्या पहिल्या तासात चेंडू हवेत हलला की प्रेक्षक खाऱ्या वाऱ्याला श्रेय देत. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून खेळपट्टीचं भाकीत करणारे तज्ज्ञ तर प्रत्येक स्टँडमध्ये दोन-चार असायचे. स्टँड आजच्यासारखे आभाळाला भिडलेले नव्हते. त्यामुळे सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक आपल्याशी बोलेल इतका जवळ वाटे.

पण पहिल्याच मोसमात खुर्च्यांवरून भांडण झालं. तेव्हा मुंबईचं सगळ्यात मोठं क्रिकेट म्हणजे पंचरंगी सामने: हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि बाकीच्यांचा ‘रेस्ट’. १९३७ ला ते नव्या स्टेडियमवर आले, आणि हिंदू जिमखान्याला मिळालेल्या जागा कमी आहेत म्हणून हिंदूंचा संघ त्या वर्षी खेळलाच नाही. मैदान क्लबचं, प्रेक्षक शहराचे. मग कोणी किती जागा घ्यायच्या आणि त्या कोण वाटणार? ब्रेबॉर्नच्या जन्माबरोबर जन्मलेला हा प्रश्न शेवटी ब्रेबॉर्नला घेऊनच गेला.

तोवर मात्र त्या मैदानाने मुंबईला जे दिलं, त्याला तोड नाही. १९४३ च्या डिसेंबरमध्ये पंचरंगीच्या अंतिम सामन्यात विजय मर्चंटने हिंदूंकडून नाबाद २५० केले आणि डाव ५ बाद ५८१ वर सोडला. ‘रेस्ट’चा पहिला डाव १३३ वर आटोपला. फॉलोऑननंतर विजय हजारे उभा राहिला. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्याच्या एकट्याच्या. भाऊ विवेक हजारेबरोबर त्याने ३०० धावांची भागी केली, त्यात विवेकच्या धावा २१. सामना एका डावाने गेला, तरी ऐंशी वर्षांनंतरही लक्षात राहिला तो हजारे. जातीधर्मावर आधारलेलं हे क्रिकेट बंद व्हावं असं गांधीजींनी १९४० मध्येच सांगितलं होतं. ते १९४६ मध्ये थांबलं आणि योग्यच झालं. पण मुंबईला मोठ्या डावाची, दिवसभर खेळपट्टी न सोडण्याची जी चटक लागली, ज्याला पुढे सगळा देश मुंबईचा खडूसपणा म्हणू लागला, तिला खतपाणी ब्रेबॉर्नवरच्या या डावांनी घातलं.

१९४८ च्या डिसेंबरमध्ये इथे पहिली कसोटी झाली, वेस्ट इंडिजविरुद्ध. दोनच महिन्यांनी त्याच मालिकेतली शेवटची कसोटीही इथेच. भारताला जिंकायला ३६१ हव्या होत्या. स्वतंत्र भारताने अजून एकही कसोटी जिंकलेली नव्हती. हजारेचं १२२ धावांचं शतक, रुसी मोदीच्या ८६, आणि शेवटी दत्तू फडकर एका बाजूने लढत राहिला. धावा झाल्या ८ बाद ३५५. विजय फक्त सहा धावांवर. वेस्ट इंडिजवाले वेळ काढत होते. आणि षटकातला एक चेंडू शिल्लक असताना, वेळही शिल्लक असताना, पंचांनी बेल्स उचलल्या. सामना अनिर्णित. त्या वेळी मैदानात असलेले लोक पुढे आयुष्यभर त्या एका चेंडूबद्दल बोलत राहिले. फडकरने त्यावर षटकार मारलाच असता, याबद्दल त्यांच्यापैकी कोणालाही शंका नसे.

या मैदानाचे प्रेक्षक कोण होते, हे सांगितल्याशिवाय त्याचं महत्त्व कळत नाही.

१९२८ च्या जानेवारीत कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली. पुढे कुलाबा स्टेशन बंद झालं आणि चर्चगेट हे शेवटचं ठाणं झालं. सात-आठ वर्षांत त्याच ठाण्याच्या दाराशी स्टेडियम उभं राहिलं. स्वातंत्र्यानंतर गिरगाव-दादरच्या खोल्या अपुऱ्या पडू लागल्या, तसा मराठी मध्यमवर्ग पार्ला, अंधेरी, गोरेगाव, बोरिवली, आणि दुसऱ्या बाजूला घाटकोपर, मुलुंडकडे सरकला. १९५० मध्ये आणि मग १९५७ मध्ये बृहन्मुंबईच्या सीमा वाढल्या, तेव्हा कुठे दहिसर-मुलुंडपर्यंतचे लोक कागदोपत्री मुंबईकर झाले. मनाने ते आधीपासूनच होते, कारण नोकरी फोर्टात आणि क्रिकेट ब्रेबॉर्नवर. कचेरीला जायची आणि कसोटीला जायची गाडी एकच, उतरायचं स्टेशन एकच. फरक एवढाच की कसोटीच्या दिवशी हातात फाइलऐवजी डब्याची पिशवी असायची. मुलुंड-घाटकोपरचे लोक व्ही.टी.ला उतरून फाउंटनवरून, ओव्हलच्या कडेने चालत यायचे. ओव्हलवर पोरांचे दहा-बारा सामने चाललेलेच असायचे. मोठ्या सामन्याला जाताना वाटेत छोट्या सामन्याचं एखादं षटक बघण्यासाठी दोन मिनिटं थांबायचं, हा त्यांचा रिवाज.

तिकीट मिळवणं हा एक वेगळाच पराक्रम. पाच दिवसांचं सीझन तिकीट असायचं आणि ते एकट्याला परवडायचं नाही. दोघे-तिघे भाऊ, कधी शेजारी मिळून एक तिकीट काढत आणि दिवस वाटून घेत. कोणाला कोणता दिवस, यावर आधी आठवडाभर खल. शनिवार-रविवार वडीलधाऱ्यांचे. पहिला दिवस धाकट्याच्या वाट्याला यायचा, कारण नाणेफेक हरलो तर दिवसभर क्षेत्ररक्षण बघत बसावं लागायचं. आमच्या शेजारचे एक काका सचिवालयात कारकून होते. त्यांच्या वाट्याला ऑक्टोबर १९६४ च्या ऑस्ट्रेलिया कसोटीचा शेवटचा दिवस आला. दसऱ्याचा दिवस. घरच्यांनी आपट्याची पानं आणायला सांगितली होती. हे सकाळी पोळी-भाजीचा डबा घेऊन गाडीत बसले.

त्या दिवशी काय झालं हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की मीच तिथे होतो असं मला वाटतं. भारतापुढे २५४ चं आव्हान होतं. ६ बाद १२२ अशी अवस्था झाली आणि निम्मं मैदान मनातून हरलं. मग पतौडी आणि विजय मांजरेकर जमले. मांजरेकरचा बचाव कसा होता, हे सांगताना काका पंख्याखाली उभे राहून पेपराची गुंडाळी बॅटसारखी धरत आणि गुडघा वाकवून दाखवत. दोघांनी ९३ धावा जोडल्या. लगेच दोघेही बाद. ८ बाद २२४. अजून तीस धावा, आणि हातात दोनच गडी. आता चंदू बोर्डे आणि यष्टिरक्षक इंद्रजितसिंहजी. काका म्हणत, त्या अर्ध्या तासात आमच्या रांगेत कोणी जागा बदलली नाही. बसलेल्याने उठायचं नाही, उभ्याने बसायचं नाही. पाणी प्यायचं राहिलेल्याने तसंच राहायचं. बोर्डे खेळत राहिला, नाबाद ३०. इंद्रजितसिंहजी फक्त उभा राहिला, नाबाद ३. भारत दोन गडी राखून जिंकला. सोनं लुटायचा दिवस होता, आणि लोकांनी ते मैदानातच लुटलं. काका रात्री घरी आले ते आपट्याच्या पानांशिवाय. त्यावरून घरात जे झालं तेही ते तितक्याच प्रेमाने सांगत.

तिकीट न मिळालेल्यांसाठी रेडिओ होता. बॉबी तल्यारखान दिवसभर एकटे समालोचन करत. दुसऱ्या कोणाबरोबर माइक वाटून घ्यायला त्यांची तयारी नसे. पुढे विजय मर्चंट बोलू लागले, तेव्हा अंक, नियम आणि शिस्त यांचा धडाच मिळे. मराठीत बाळ ज. पंडितांनी क्रिकेट घराघरांत पोचवलं. ज्यांना इंग्रजीचा गंध नव्हता अशा आज्यासुद्धा त्यांच्यामुळे ‘पायचीत’ कशाला म्हणतात ते सांगू लागल्या. ट्रान्झिस्टर आले आणि मैदानात बसलेले लोकही कानाला रेडिओ लावून बसू लागले. डोळ्यांनी पाहायचं आणि कानांनी खातरी करून घ्यायची.

या सवयीने एकदा घातही केला. नोव्हेंबर १९६९, ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी. दुसऱ्या डावात भारत संकटात, वाडेकर आणि वेंकटराघवन खेळत होते. वेंकटला यष्टींमागे झेलबाद दिलं. समालोचक म्हणाले, बॅट लागली नव्हती. हजारो ट्रान्झिस्टरमधून ते वाक्य एकाच वेळी स्टँडमध्ये पसरलं आणि मैदान पेटलं. खुर्च्या, बाटल्या, जाळपोळ. ब्रेबॉर्नच्या इतिहासातला हा काळा दिवस आहे आणि आठवणींच्या भरात तो झाकायचं कारण नाही. भारत ती कसोटी आठ गड्यांनी हरला.

त्याच मैदानावर जानेवारी १९६० मध्ये वीस वर्षांच्या अब्बास अली बेगने ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन्ही डावांत अर्धशतकं केली, आणि एक मुलगी धावत मैदानात गेली व सगळ्यांसमोर तिने त्याच्या गालाचा मुका घेतला. १९६० साली, हजारो प्रेक्षकांदेखत! मर्चंट तेव्हा समालोचन करत होते. मी शतकं ठोकत होतो तेव्हा या धाडसी मुली कुठे होत्या, असं ते म्हणाल्याची आठवण सगळे सांगतात. सलमान रश्दींच्या ‘द मूर्स लास्ट साय’ या कादंबरीतही तो प्रसंग चित्राच्या रूपाने आला आहे. आणि १९६५ च्या मार्चमध्ये न्यूझीलंडविरुद्ध भारत ८८ धावांत गडगडला, फॉलोऑन मिळाला, तेव्हा दिलीप सरदेसाईने नाबाद २०० केले. बोर्डेने १०९. डाव ५ बाद ४६३ वर सोडून भारताने न्यूझीलंडची ८ बाद ८० अशी दाणादाण उडवली. आणखी थोडा वेळ असता तर जिंकलोच होतो. सकाळी तोंड पाडून गेलेले लोक संध्याकाळी ताठ मानेने चर्चगेटला परतले, तर त्याला कारण सरदेसाई.

मग आली ती १९७३ ची कसोटी. सलीम दुराणीला कानपूरच्या सामन्यातून वगळलं होतं. ‘नो दुराणी, नो टेस्ट’ अशी फलकबाजी झाली आणि तो मुंबईत परत आला. प्रेक्षकांनी मागावा आणि त्याने षटकार मारावा अशी त्याची ख्याती. पहिल्या डावात त्याने ७३ केल्या. फारुख इंजिनिअरने १२१, वाडेकरने ८७. गुंडाप्पा विश्वनाथने ११३. पदार्पणात शतक करणाऱ्या भारतीय फलंदाजाला पुन्हा कधी शतक करता येत नाही, असा एक अपशकुन तोवर मानला जाई. विश्वनाथने तो इथे मोडला. शतक होताच साडेसहा फुटी टोनी ग्रेग पुढे आला, त्याने इवल्याशा विश्वनाथला दोन्ही हातांवर उचलून घेतलं आणि बाळाला जोजवावं तसं झुलवलं. प्रतिस्पर्ध्याचं शतक असं साजरं करणारा खेळाडू मुंबईने तोवर पाहिला नव्हता. ग्रेगने पुढे स्वतः १४८ केल्या, आणि मैदानाने त्याच्यावरही तितकंच प्रेम केलं. चंद्रशेखरने मालिकेतले आपले बळी ३५ पर्यंत नेले. सुनील गावस्कर घरच्या प्रेक्षकांसमोर आपली पहिली कसोटी खेळला. तीच त्याची ब्रेबॉर्नवरची एकमेव कसोटी ठरली. गावस्करसारखा मुंबईकर, आणि ब्रेबॉर्नवर एकच कसोटी! यावरूनच काय निसटलं ते कळतं.

१९४८ पासून १९७३ पर्यंत सतरा कसोट्या झाल्या. अठरावी व्हायला नको होती का? व्हायला हवी होती. का झाली नाही, तर पुन्हा खुर्च्या. कसोटी भरवायची बॉम्बे क्रिकेट असोसिएशनने. तिच्या मागे शहरभरचे, उपनगरांतले क्लब, पावसाळ्यात चिखलात कांगा लीग खेळणारी पोरं आणि त्यांचे चाहते. स्टेडियम मात्र सीसीआयचं. असोसिएशनला जागा वाढवून हव्या होत्या आणि क्लब ते मान्य करत नव्हता. असोसिएशनचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे. मूळचे विदर्भाचे, राज्याचे माजी अर्थमंत्री, तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष. सीसीआयचे अध्यक्ष विजय मर्चंट. काही आमदारांना एक मदत सामना भरवायचा होता, त्यासाठी वानखेडे मर्चंटांकडे गेले आणि नकार घेऊन परतले, अशी हकिकत आहे. मग आपलंच स्टेडियम बांधायचं ठरलं. तरुण वास्तुविशारद शशी प्रभूंकडे काम दिलं गेलं. ब्रेबॉर्नपासून जेमतेम पाऊण किलोमीटरवर, रेल्वेच्या रुळांना लागून साधारण वर्षभरात नवं स्टेडियम उभं राहिलं. २३ जानेवारी १९७५ ला तिथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी सुरू झाली, क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केले, आणि मुंबईची कसोटी कायमची हलली.

यात दोष कोणाचा, यावर मुंबईत पन्नास वर्षं वाद चालू आहे. माझं मत स्पष्ट आहे. वानखेडेंनी केलं ते बरोबर होतं. ज्या शहराच्या पोरांनी क्रिकेट खेळायचं, ज्यांच्या जिवावर रणजी करंडक वर्षामागून वर्षं मुंबईत राहिला, त्यांच्या संघटनेला खुर्च्यांसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागणं अन्यायाचं होतं. आणि हेही तितकंच खरं की देशातलं सगळ्यात देखणं मैदान त्यामुळे ओस पडलं, आणि ते पडू दिलं गेलं. समजुतीने बसून बोलले असते तर दोन्ही वाचलं असतं. मर्चंटांसारखा जाणता माणूस एका बाजूला आणि वानखेडेंसारखा मुरब्बी माणूस दुसऱ्या बाजूला असताना ते जमू नये, याचं दुःख त्या काळातले लोक अजून करतात. मीही करतो.

त्यानंतरचं ब्रेबॉर्न ओस असलं तरी मेलेलं नव्हतं. जानेवारी १९८७ मध्ये सीसीआयच्या सुवर्णमहोत्सवी प्रदर्शनी सामन्यात पाकिस्तानचे काही खेळाडू जेवायला आत गेले, तेव्हा त्यांच्या बदली क्षेत्ररक्षणाला एक तेरा वर्षांचा मुलगा उतरला. सचिन तेंडुलकर. आंतरराष्ट्रीय खेळाडूंबरोबर तो पहिल्यांदा मैदानात उतरला तो पाकिस्तानकडून, ब्रेबॉर्नवर. फेब्रुवारी १९९८ मध्ये याच मैदानावर मुंबईकडून खेळताना त्याने मार्क टेलरच्या ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध नाबाद २०४ केले. शेन वॉर्नची जी पिटाई पुढे सगळ्या मालिकेत झाली, तिची सुरुवात इथे झाली. मुंबई दहा गडी राखून जिंकली.

डिसेंबर २००९ मध्ये वानखेडेची पुनर्बांधणी चालू होती, म्हणून श्रीलंकेविरुद्धची कसोटी ब्रेबॉर्नला आली. ३६ वर्षांनी. दुसऱ्या दिवसअखेर वीरेंद्र सेहवाग नाबाद २८४. तिसरं त्रिशतक कसोटीच्या इतिहासात कोणीच केलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पार्ल्याहून गाडी पकडली, तर डब्यात एकच विषय. बोरिवलीहून आलेला साठीपुढचा एक गृहस्थ शेजारच्या तरुणाला सांगत होता की त्याने विश्वनाथचं शतक याच मैदानावर पाहिलं होतं. तरुण विचारत होता, कोण विश्वनाथ? गृहस्थाने न चिडता, अंधेरीपासून दादरपर्यंत, त्याला विश्वनाथचा स्क्वेअर कट हाताने करून दाखवला. आम्ही पोचलो, बसलो, आणि सकाळीच सेहवाग २९३ वर मुरलीधरनला त्याच्याच गोलंदाजीवर झेल देऊन परतला. सात धावा. क्षणभर सगळं मैदान गप्प झालं, आणि मग माणसं उभी राहून टाळ्या वाजवत राहिली. भारताने ९ बाद ७२६ वर डाव सोडला, सामना डावाने जिंकला आणि कसोटी क्रमवारीत पहिल्यांदाच पहिल्या क्रमांकावर गेला. त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर मात्र सेहवागच्या सात धावांपेक्षा मोठं समाधान होतं. आपलं मैदान परत मिळाल्याचं.

२९ ऑक्टोबर २०१८ ला तर काळाचं चक्र उलटं फिरलं. वेस्ट इंडिजविरुद्धचा एकदिवसीय सामना वानखेडेवर ठरला होता. मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या कारभारातल्या अडचणींमुळे तो ब्रेबॉर्नला हलवावा लागला. ज्या संघटनेने जागेवरून ब्रेबॉर्न सोडलं, तिचाच सामना ४५ वर्षांनी ब्रेबॉर्नच्या आसऱ्याला आला. आणि त्यात १६२ धावा कोणी केल्या? रोहित शर्माने. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत दिनेश लाड सरांच्या हाताखाली तयार झालेल्या पोराने. ज्या बोरिवलीची माणसं डबा घेऊन पहिल्या लोकलने या मैदानावर क्रिकेट बघायला येत, त्या बोरिवलीचा मुलगा आता इथे दीडशतक ठोकत होता. भारत २२४ धावांनी जिंकला.

आता या मैदानाला नवे मालक मिळत आहेत, आणि ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. १७ फेब्रुवारी २०१३ ला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना इथे झाला. ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडिजला ११४ धावांनी हरवलं. २६ मार्च २०२३ ला महिला प्रीमियर लीगचा पहिलाच अंतिम सामना इथे झाला. मुंबई इंडियन्सने दिल्लीला सात गड्यांनी हरवलं. त्या हंगामात बायका-मुलींना मैदानात मोफत प्रवेश होता. लोकलच्या लेडीज डब्यात क्रिकेटची जर्सी घातलेल्या शाळकरी मुली चर्चगेटला उतरताना मी तेव्हा पाहिल्या. बरोबर त्यांच्या आया होत्या, काहींच्या आज्याही. १५ मार्च २०२५ ला मुंबईने दिल्लीला आठ धावांनी हरवून दुसऱ्यांदा करंडक जिंकला, तोही इथेच.

म्हणून माझी दोन्ही बाजूंना एक विनंती आहे. क्लब मैदानाचा मालक आहे आणि राहो, पण जो खुर्च्यांचा वाद १९३७ ला सुरू झाला तो आता तरी मिटवावा. ब्रेबॉर्नवर रणजीचा किंवा मुलींचा सामना असेल तेव्हा एक स्टँड उपनगरांतल्या शाळांसाठी राखून ठेवावा, आणि असोसिएशनने त्या मुलांना आणायची व्यवस्था करावी. आणि वाचकहो, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडला राहणाऱ्या ज्यांच्या घरात आजी-आजोबांनी १९६४ चा दसरा किंवा १९७३ ची विश्वनाथची खेळी प्रत्यक्ष पाहिली आहे, त्यांनी एक करावं. ब्रेबॉर्नवर सामना असेल त्या दिवशी त्यांना लोकलने चर्चगेटला घेऊन जावं आणि ते पूर्वी जिथे बसत त्या बाजूलाच बसवावं. सचिवालयातले आमचे काका आता नाहीत, पण त्यांच्या वयाची माणसं अजून आहेत, आणि सामना चालू असताना ती जे सांगतील ते कुठल्याही स्कोअरबुकात लिहिलेलं नाही.